साथ की हात?

तुम्हाला नीट ऐकू येत नाही, हे त्याला ऐकवायची वेळ तिच्यावर आली ती निव्वळ त्याच्या काकांमुळे.

काका त्या सकाळी दवाखान्यात कान तपासायला आले होते. म्हणजे पुतण्याने त्यांना धरून आणलं होतं. कान तपासायची ती जाड दाराची, काचेच्या खिडकीची चिमुकली आवाजबंद खोली पाहिली आणि काकांनी दाराची चौकटच पकडली. "आत घातलं आणि विसरून गेलात तर?" असं म्हणून ते जागचे हलेनात. ती रोज चाळीस-चाळीस कान तपासायची, पण असा पेशंट तिला नवा होता.

"काका, मी बसून दाखवतो. आत काही चावत नाही," पुतण्या म्हणाला, आणि हेडफोन चढवून स्वतःच जाऊन बसला. उंच, उन्हाने रापलेला, कानामागे पेन्सिल अडकवलेली. बसल्या बसल्या काचेतून तिच्याकडे बघून असा काही हसला, की तिला उगाचच टेबलावरचे कागद सारखे करावेसे वाटले.

आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच काम. तिने सवयीने एकेक आवाज सोडले. आधी जाड, मग बारीक, मग आणखी बारीक. जाड आवाजांना त्याने पटापट बटण दाबलं. बारीक सुरू झाले आणि हा आपला गप्प! तिने आवाज वाढवला. तो हसतोय. आणखी वाढवला... तरी हसतोय. तिला वाटलं वायर निघाली असेल. तिने वायर तपासली. वायर ठणठणीत होती.

"झालो ना पास?" बाहेर येऊन त्याने विचारलं.

"आधी काकांना बसवू," ती म्हणाली.

आणि काय सांगू, काकांचा कान निघाला वीस वर्षांच्या पोराचा! "मी कधीचा सांगतोय," काका टेचात म्हणाले. "मला सगळं ऐकू येतं. हाच 'काय, काय' करत असतो आणि वर मलाच बहिरा ठरवतो. म्हणे, काका तोंडातल्या तोंडात बोलतात!"

मग तिने त्याला पुन्हा आत बोलावलं. शब्दांची यादी घेतली. मी म्हणेन तो शब्द तसाच म्हणायचा, असं बजावलं, आणि ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर कागद धरला.

"दार."

"दार."

"साखर."

"...आखर? नाही, चाकर."

"सून."

"ऊन," तो ठासून म्हणाला. मग तिची पेन्सिल कागदावर फिरलेली त्याला दिसली. "चुकलं का?"

"चुकलं."

"मग काय होतं?"

"सून," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"सून! सून म्हणाले मी, सून!"

दार अर्धवट उघडंच राहिलं होतं. बाहेरून काकांचा आवाज आला, "अगं, पण कुणाची?"

तिचे कान लाल झाले. तो मात्र खो खो हसला, आणि हसता हसता एकदम थांबला, कारण तिच्या हातातला आलेख त्याला दिसला होता. रेघ निम्म्यापर्यंत सरळ चालली होती आणि तिथून कड्यावरून पाय घसरावा तशी खाली गेली होती.

"बारीक आवाज गेलेत तुमचे," ती म्हणाली. "स, श, थ, फ... ही अक्षरं तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. तुम्ही अंदाजाने ऐकता. उजवा कान त्यातल्या त्यात बरा आहे. काम काय करता?"

"काचा बसवतो. खिडक्यांच्या, दुकानांच्या. पण ते काय आवाजाचं काम नाही. काच बोलत नाही, तेवढं एक बरं आहे."

"आणि इतर वेळी?"

तो घुटमळला. मग जरा ऐटीतच म्हणाला, "ढोल वाजवतो. फुटबॉलच्या मैदानावर, बिनछपराच्या उघड्या बाजूला."

तेव्हा तिला ओळख पटली. मॅच बघायला तीही जायची की! लहानपणी वडिलांनी धरून दिलेली, पत्र्याच्या छपराच्या बाजूची जागा तिने अजून सोडली नव्हती. तिथून समोर, मैदानापलीकडे, खेळाकडे पाठ करून कठड्यावर उभा राहणारा आणि हजार माणसं नाचवणारा तो ढोलवाला तिने दोन वर्षं पाहिला होता. फक्त पाठमोरा. तोंड आज पाहिलं, आणि तेही असं.

डॉक्टरांनी आलेख पाहून सरळच सांगितलं. ढोल बंद करा. आजच. आणखी एक मोसम असाच वाजवलात तर माणसांचं बोलणं नुसता गलका होऊन जाईल, आणि गेलेलं परत येणार नाही.

तो मान हलवत, हसत सगळं ऐकत होता. जाता जाता दाराशी थांबून तिला म्हणाला, "हे आपल्यातच राहू द्या हं. गाण्याचा निकाल लागेपर्यंत तरी."

"पेशंटची गोष्ट आम्ही बाहेर सांगत नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही ऐकणार आहात का, ते सांगा."

"काय?" तो म्हणाला. आणि मिश्कील डोळ्यांनी हसत निघून गेला.

आता गाण्याची भानगड सांगायला हवी. क्लब एक, रंग एक निळा-पिवळा, पण गाणी दोन! उघडी बाजू ढोलावर आपलं गायची: "हटणार नाही, झुकणार नाही, निळं-पिवळं थकणार नाही!" त्याच वेळी पत्र्याची बाजू मावशींचं गाणं धरायची. मावशी म्हणजे क्लबच्या जर्सी धुणाऱ्या मावशी. तीस वर्षं संघाचा चिखल त्यांनी धुतला होता, आणि धुता धुताच ते गाणं जुळवलं होतं. दोन्ही गाणी मैदानाच्या मधोमध एकमेकांच्या अंगावर जायची आणि खेळाडूंना वाटायचं, लोक भांडतायत. शेवटी क्लबने कळवलं, पुढच्या मोसमाआधी एक गाणं ठरवा. नाहीतर आम्ही आपली टेप लावू.

टेपचं नाव काढताच दोन्ही बाजूंचं धाबं दणाणलं. हात वर करून मतदान घेतलं, तर लोकांनी दोन-दोन हात वर केले. चिठ्ठ्या टाकल्या, तर माणसांपेक्षा चिठ्ठ्या जास्त निघाल्या. समर्थक मंडळाचे अध्यक्ष पेशाने वकील. त्यांनी बराच विचार करून तोडगा काढला. ज्या गाण्याला लोकांचा आवाज जास्त, ते गाणं. आवाज यंत्राने मोजायचा. आणि यंत्र कुणाकडे? तर पत्र्याच्या बाजूला बसणाऱ्या त्या कानवाल्या मॅडमकडे.

"मला यात ओढू नका," ती म्हणाली.

"बसता पत्र्याखाली, पण भांडणात तुम्ही कुणाच्याच नाही, म्हणूनच तुम्ही," वकील म्हणाले. ती कुणाची झाली होती, हे त्यांना कुठे ठाऊक होतं?

कारण मधल्या तीन आठवड्यांत तो चार वेळा दवाखान्यात येऊन गेला होता. त्या आवाजबंद खोलीच्या काचेला कोपऱ्यात तडा होता, तो म्हणे त्याला पहिल्याच दिवशी दिसला होता. एकदा माप घ्यायला आला. एकदा 'माप चुकलं' म्हणून आला. तिसऱ्यांदा काच आणली, ती जाड निघाली. चौथ्यांदा बसवली.

"एका काचेला चार फेऱ्या?" तिने विचारलं.

"घाईचं काम पक्कं होत नाही," तो चौकटीच्या फटीत लांबीचा लगदा थापत म्हणाला. अंगठ्याने कडेकडेने लांबी दाबत नेण्याची त्याची तऱ्हा इतकी सावकाश, इतकी निगुतीची होती, की ती हातातला आलेख उलटा धरून बघत बसली. "कागद उलटा आहे," तो मान न वळवता म्हणाला. नव्या काचेत त्याला सगळं दिसत होतं.

काच बसल्यावर ती आत गेली आणि तो बाहेर राहिला. खोली नीट बंद होते का ते बघायचं होतं. तिला काय वाटलं कोण जाणे... ओठ हाताने झाकून ती आतून म्हणाली, "तुमचा शर्ट उलटा आहे." तो काचेपलीकडे हसला आणि मान हलवली. अर्थात, तिथून कुणालाच ऐकू आलं नसतं. तिलाही गंमत वाटली. पण बाहेर आल्यावर त्याच्या पाठीशी उभी राहून ती सहज म्हणाली, "शनिवारी सुट्टी असते मला." तो वळला, अगदी तसाच हसला, तश्शीच मान हलवली आणि हत्यारं पिशवीत भरू लागला.

तिच्या काळजात लक्कन हललं. केवढ्या धिटाईने ती हे बोलली होती! आणि त्याला पोचलंच नव्हतं. तो हसून मान हलवत होता, जसा डॉक्टरांसमोर हलवत होता, जसा गिऱ्हाइकांसमोर, काकांसमोर हलवत असेल. लोकांना वाटायचं, काय हसतमुख माणूस आहे!

"थांबा," तिने त्याच्या समोर येऊन म्हटलं. "मी आत्ता काय बोलले?"

"...काच छान बसली म्हणालात."

"नाही."

"मग?"

"आता नाही सांगणार," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि त्याचा तिला रागही आला होता. "ढोल सोडा. आत्ता सोडा. निकालाची वाट कशाला बघता?"

त्याने पिशवी खाली ठेवली. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "तुम्हाला खरं सांगू? दुकानात मी म्हणजे एक मापाची टेप आणि पेन्सिल. लोक माप सांगतात, मी लिहून घेतो. गप्पांत बसलो तर निम्मं कळत नाही, विनोदाला सगळ्यात शेवटी हसतो. पण तिकडे कठड्यावर... ढोल मला कानाने ऐकावा लागत नाही, छातीत ऐकू येतो. मी हात उचलला की हजार माणसं उठतात. तेवढाच वेळ मी कुणाच्या मागे नसतो. ते सोडलं तर माझं राहतं काय?"

"कान राहतात," ती म्हणाली.

"एक मोसम. आमचं गाणं निवडून आलं की एकच मोसम वाजवतो, मग बघू."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"तुम्ही का एवढं मनाला लावून घेता?"

"मला भीती वाटते म्हणून!" ती बोलून गेली. "एखाद्या दिवशी मी काहीतरी सांगेन... अगदी जिवापासून सांगेन... आणि तुम्ही हसून मान हलवाल. म्हणून!"

हे त्याला ऐकू आलं. कारण ती ओरडलीच होती. तो खालमानेने म्हणाला, "रविवारी तुम्ही मोजणार आहात म्हणे."

"मोजणार आहे. एक डेसिबलही इकडचा तिकडे करणार नाही."

"तेच हवंय," तो म्हणाला, आणि निघाला.

रविवारी चारला मैदान गच्च भरलं. मॅच नव्हती, नुसती माणसं होती. वारा सुटला होता आणि कोपऱ्यातले झेंडे फडफडत होते. मधल्या रेघेवर तिने तीन पायांच्या तिकाटण्यावर यंत्र उभं केलं, त्याला स्पंजची टोपी घातली. आकडा दिसायची खिडकी तिच्याकडे, फक्त तिच्याकडे. वकीलसाहेबांनी कागद काढून नियम वाचले. दोन्ही गाणी सगळ्यांनी गायची. मुद्दाम कुणी हळू गाऊ नये म्हणून एका बाजूचं गाणं दुसऱ्या बाजूच्या पुढाऱ्याने म्हणवून घ्यायचं. ढोलाच्या गाण्याचे शब्द मावशी भोंग्यावर सांगतील. मावशींच्या गाण्याचे शब्द ढोलवाला सांगेल.

इथे एक घोटाळा आधीच झाला होता. मावशींनी गाण्याचे कागद छापून आणले होते, चांगला जाडजूड गठ्ठा, आणि तो जर्सीच्या पिशवीत ठेवला होता. आणि तीस वर्षांच्या सवयीने पिशवी जशीच्या तशी मशीनमध्ये उपडी केली होती! आदल्या दिवशी सरावाला संघ उतरला तेव्हा गोलकीपरच्या पाठीला कागदाचे पांढरे गोळे चिकटलेले होते. तेव्हा आता शब्द तोंडीच सांगायचे होते.

पहिलं गाणं ढोलाचं. मावशींनी भोंगा तोंडाला लावून आपल्या किनऱ्या आवाजात "हटणार नाही" म्हटलं, त्यालाच आधी टाळ्या पडल्या. मग ढोल सुरू झाला. काय वाजवलं त्याने! पायाखालची माती थरथरली. उघडी बाजू उड्या मारू लागली, पत्र्याची बाजूही नाही म्हणता म्हणता उभी राहिली. तिच्या अंगावर काटा आला. तो कठड्यावर होता, पण आज पाठमोरा नव्हता. मैदानाकडे तोंड करून उभा होता. त्याचा चेहरा इतका आनंदी तिने कधी पाहिला नव्हता, आणि ढोलाचा प्रत्येक ठोका तिला स्वतःच्या डोक्यात घातल्यासारखा वाटत होता. खिडकीत आकडा स्थिरावला. एकशे तीन. तिने तो लिहिला.

मग मावशींचं गाणं. तो ढोल उतरवून खाली मैदानात आला, मावशींशेजारी उभा राहिला. त्या ओळ सांगणार, तो भोंग्यातून पुकारणार, आणि मैदान गाणार. "जिंकलास तर मिरवू तुला," मावशी म्हणाल्या. त्याने पुकारलं. "हरलास तर घरी नेऊ," त्याने पुकारलं. मैदान संथपणे गाऊ लागलं. "वारा येवो, पाऊस येवो..." आणि शेवटची ओळ मावशींनी सांगितली तेव्हाच वाऱ्याचा झोत आला. त्याने कान पुढे केला, तोही डावा, आणि क्षणभर थांबला. तिला दूरवरूनही ते थांबणं दिसलं. तो अंदाज बांधत होता.

"हात सोडणार नाही!" त्याने भोंग्यातून पुकारलं.

साथ. शब्द साथ होता. पत्र्याच्या बाजूला तो पाठ होता, ते जरा चपापले, पण भोंगा मोठा, आणि 'हात' म्हटल्यावर माणूस करणार काय? शेजारच्याचा हात धरला. एकाने धरला, मग दहांनी, मग रांगेने. बघता बघता दोन्ही बाजूंना हातांच्या माळाच तयार झाल्या. टाळी वाजवायला कुणाचा हात मोकळा राहिला नाही. हजारो माणसं हात धरून डुलत डुलत गात होती, "वारा येवो, पाऊस येवो, हात सोडणार नाही," आणि वकीलसाहेबांनी न बघता तिचा पेन धरलेला हात धरला. एकट्या तिलाच ठाऊक होतं हे कशाने झालं ते. तिला हसावं की रडावं कळेना.

आकडा स्थिरावला. एकशे एक.

दोनचा फरक. नुसते दोन! वकीलसाहेब कागद घेऊन पुढे झाले. "मॅडम, तुम्ही सांगाल तो निकाल. आम्ही कुणी यंत्रात डोकावणार नाही."

आकडे उलटे सांगितले तर? कुणाला कळणार होतं? मावशींचं गाणं येईल, ढोल उतरेल, त्याचे कान वाचतील. भलं त्याचंच होईल ना? आणि अर्ध्याहून जास्त लोकांना ते आवडेलही. तो समोर मावशींशेजारी उभा राहून तिच्याकडेच बघत होता. डोळ्यांत ना विनवणी, ना खोडी. तिला वाटलं, आज याच्यासाठी मी खोटं बोलले, तर उद्या मी सांगितलेला कुठला शब्द याने खरा मानायचा? रोज माणसं माझ्यासमोर येऊन बसतात ती काय म्हणून?

"ढोलाचं गाणं एकशे तीन," ती भोंग्यावर म्हणाली. "मावशींचं एकशे एक. ढोलाचं गाणं जिंकलं."

उघड्या बाजूने एकच जल्लोष केला. कुणी तरी ढोल उचलून मैदानात आणला, त्याच्या पुढ्यात ठेवला. ती यंत्राची टोपी काढायला खाली वाकली, कारण डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसायला नको होतं. संपलं, असंच तिला वाटलं. पुढच्या मोसमात हा माणूस कठड्यावर असेल आणि त्यानंतर कुणाच्याच बोलण्यात नसेल.

तेवढ्यात मावशींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मनात किंतु न ठेवता म्हणाल्या, "छान म्हणवून घेतलंस हो. एवढंच, मी 'साथ' म्हणाले होते, तू 'हात' केलास."

तो हसला. मान हलवली.

आणि मान हलवता हलवताच त्याची नजर तिच्यावर गेली. ती वर बघत होती. मावशी काय म्हणाल्या ते तिने ऐकलं होतं, आणि त्याने ऐकलं नाही हेही तिने पाहिलं होतं. तिच्या डोळ्यांतलं पाणी पुसायचं राहून गेलं होतं. त्याचं हसू हळूहळू मावळलं.

"मावशी," तो म्हणाला, "मला ऐकू आलं नाही. परत सांगा."

मावशींनी परत सांगितलं. तरी पोचलं नाही. मग त्याने उजवा कान त्यांच्या तोंडाशी नेला, एखाद्या लहान मुलाने न्यावा तसा, आणि त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं. तो ताठ झाला. मग त्याने भोंगा उचलला.

"मंडळी," तो म्हणाला, आणि जल्लोष जरा ओसरला. "मावशींनी 'साथ' म्हटलं होतं. मी 'हात' ऐकलं. कारण मला स ऐकू येत नाही. थ पण नाही. माझे कान चाललेत. ढोलाने चाललेत. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलाय, आणि मी तुम्हा सगळ्यांपासून लपवलं." त्याने यंत्राकडे बोट केलं. "ज्यांनी मोजलं, त्यांना हे माहीत होतं. आकडा बदलला असता तर मी वाचलो असतो, हेही माहीत होतं. त्यांनी नाही बदलला. मग मी कुठल्या तोंडाने वाजवू? त्या एकशे तीनमध्ये माझा ढोल आहे. एकशे एकमध्ये नुसती माणसं आहेत. मला विचाराल तर ते गाणं मोठं आहे."

झेंड्यांच्या दोऱ्या खांबावर टकटक आपटत होत्या, तेवढाच आवाज.

"नियमात असं बसत..." वकीलसाहेब सुरू झाले, पण त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. उघड्या बाजूला, अगदी वरच्या पायरीवर, कुणीतरी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "हरलास तर घरी नेऊ..." दुसऱ्याने उचललं. मग पायऱ्याच्या पायऱ्या. सगळ्यांनी एकमेकांचे हात धरले. वकीलसाहेबांनी मावशींकडे पाहिलं.

"मावशी, शब्द कुठला लिहू? साथ की हात?"

"हातच लिहा," मावशी पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "साथ काय, नुसती म्हणायची असते."

त्या गलक्यातून तो तिच्याकडे चालत आला. ढोल मागे गवतावर पडून राहिला. जवळ आला तेव्हा तिला त्याचे रिकामे हात दिसले. काठ्या नसल्या की ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

"त्या दिवशी दवाखान्यात," तो म्हणाला, "काचेपाशी... तुम्ही जे बोललात आणि मी मान हलवली. ते काय होतं?"

"ते राहू दे," ती म्हणाली. "आता दुसरं आहे." आणि चारी बाजूंनी गाणं चालू असताना तिने त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "आवडतोस मला."

त्याचा चेहरा पडला. भुवया जवळ आल्या. ओठ हसायला उघडले, मान हलायच्या बेतात आली... आणि त्याने ती थांबवली.

"ऐकू आलं नाही नीट," तो म्हणाला. सगळा जीव गोळा करून म्हणाला. "'आवडतो मला' म्हणालात. कोण आवडतो?"

तिला हसू फुटलं आणि रडूही. इतक्या आठवड्यांचं अहो-जाहो सोडून ती प्रथमच एकेरीवर आली होती, आणि नेमकं तेच अक्षर या माणसाच्या कानाबाहेर राहिलं होतं! तिने त्याची बाही धरून त्याला वळवलं, टाचा उंचावल्या, उजव्या कानाशी तोंड नेलं आणि जीव खाऊन ओरडली, "आवडतो-स! शेवटी स आहे! तू! तू आवडतोस!"

आता गाणं तरी तेव्हा थांबावं का? पण थांबलं. कडवं संपून श्वास घ्यायला मैदान थांबलं होतं. पत्र्याच्या बाजूपासून उघड्या बाजूपर्यंत सगळ्यांनी ऐकलं. काकांनी तर दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली. एरवी ती लाजेने जमिनीत गेली असती. पण ती तशीच टाचांवर उभी राहिली, त्याच्या चेहऱ्याकडे बघत.

"मी?" तो म्हणाला.

"तू."

"परत सांग ना."

"ऐकू नाही आलं?"

"आलं," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून वाहू लागले. "सगळं आलं. पण आता जितके दिवस ऐकू येईल तितके दिवस रोज सांग. आणि यायचं बंद झालं, तरी सांगत राहा. मी मान हलवणार नाही. समोर बसेन आणि ओठ बघेन."